पुन्हा स्टँडर्ड

माझ्या दुकानातल्या रजिस्टरात गाडीमालकाचं नाव शेवटच्या रकान्यात असतं. पहिल्या रकान्यात ब्लॉकचा नंबर. १९८८ साली यवतमाळला दारव्हा रोडवर इंजिन-बोअरिंगचं दुकान टाकलं, तेव्हा ही सवय वडिलांनी लावली. ते जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. म्हणाले, "गाडी इकली जाते, रंग बदलते, मालक बदलते. ब्लॉकवरचा नंबर नाई बदलत."

परवा घाटंजी लाइनवरच्या एका काळी-पिवळी टॅक्सीचं इंजिन आलं. टेम्पो ट्रॅक्सचं. डिझेलच्या बोळ्यानं ब्लॉक पुसून नंबर वाचला आणि रजिस्टर मागे मागे चाळत गेलो. २०११, २००३, १९९६. हा ब्लॉक चौथ्यांदा माझ्या बाकावर आला होता. गाडीवाला पोरगा तिशीच्या आतला. "काका, आता याले भंगारातच द्या लागते का जी?" त्यानं विचारलं. मी त्याचा हात धरला आणि अंगठ्याचं नख सिलिंडरच्या आत, वरच्या काठापासून थोडं खाली सरकवायला लावलं. नख अडकलं.

ती पायरी समजली की इंजिनाचं म्हातारपण समजतं. पिस्टनची वरची रिंग जिथवर चढते आणि मागे फिरते, तिथे क्षणभर ती थांबते. धमाका तिथेच होतो, उष्णता तिथेच सगळ्यात जास्त आणि ऑइलचा थर तिथेच सगळ्यात पातळ. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो. रिंग पोचत नाही तो काठ तसाच कोरा राहतो आणि दोघांमध्ये पायरी पडते. मग गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते, चढावर दम टाकते. पण झिजली आहे ती फक्त आतली कातडी, म्हणजे लायनर. ठोकळ्याचं बीड अजून जाड आहे. लायनर काढायचा, नवा दाबून बसवायचा, बोअर मूळ मापावर, म्हणजे स्टँडर्डवर, मारायचा, होनिंगने आत तिरप्या रेघांची जाळी पाडायची म्हणजे ऑइल धरून राहील. क्रँक झिजला असेल तर दहावर घासायचा, मग वीस, तीस, चाळीस. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. प्रत्येक वेळी तेवढं जाड बेअरिंग घालायचं. चाळीसच्या पुढे मात्र क्रँक बदलावा लागतो.

पस्तीसहून अधिक वर्षं मी हेच काम करतो आहे, म्हणून दीर्घायुषी इंजिन कोणतं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. पुढच्या कारागिराच्या हातासाठी ज्याच्या अंगात माल शिल्लक ठेवलेला असतो, ते. न उघडता किती लाख किलोमीटर चाललं, हे मी नंतर विचारतो.

ट्रॅक्सचंच पाहा. काळी-पिवळीत मागे दहा-बारा माणसं, टपावर तुरीचं पोतं, कोंबड्यांची टोपली, आणि बोनटखाली मर्सिडीज. हे खरं आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, जर्मनीच्या डाइमलर-बेंझकडून ओएम ६१६ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ऐंशीच्या दशकापासून ते आपल्याकडे बनू लागलं. जर्मनीत हे इंजिन १९७३ साली मर्सिडीज २४० डी या मोटारीत आलं होतं. चार सिलिंडर, २.४ लिटर आणि ताकद फक्त ६५ अश्वशक्ती. आज दीड लिटरचं डिझेल इंजिन शंभराच्या वर ताकद देतं, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण दीर्घायुष्याचं मूळ तिथेच आहे. मोठ्या शरीराकडून थोडं काम घ्यायचं. टायमिंगची साखळी एकेरी पुरली असती, तिथे दुहेरी घातली आहे. हेड उतरवून ती साखळी हातात घेतली की बनवणाऱ्याच्या मनात किती वर्षांचा हिशेब होता ते कळतं.

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात ग्रेगोरिओस साखिनिदिस नावाचा टॅक्सीवाला होता. १९७६ सालची २४० डी त्यानं १९८१ मध्ये जुनी घेतली आणि २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा मीटरचा हिशेब ४६ लाख किलोमीटर झाला होता. त्या गाडीत इंजिनं आलटूनपालटून बसवली गेली होती. एक चालायचं तेव्हा दुसरं दुरुस्त व्हायचं. कुणी म्हणेल, मग त्यात इंजिनाचं कौतुक काय? मला कौतुक त्याचंच वाटतं. उतरलेलं इंजिन भंगारात गेलं नाही, बाकावर आलं, नीट झालं आणि परत गाडीत बसलं. थेसालोनिकीत माझ्यासारखाच कुणीतरी त्या ब्लॉकवर वाकलेला असणार.

आमच्या जिल्ह्यानं ट्रॅक्सच्या आधी जीप पाहिली. महिंद्राने १९४७ साली विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बोनटची जीप आली. बोनट उंच का, तर आतल्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच ठेवले; इंजिन उंच झालं, म्हणून बोनट उचलावं लागलं. ते पेट्रोल प्यायचं. १९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या प्युजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. त्या नावातच त्याचं माप आहे: चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर. पंप-नोझल सगळं यांत्रिक. एकदा सुरू झालं की बॅटरीची गरज नाही. पारव्याकडचे ड्रायव्हर रात्री जीप मुद्दाम उतारावर लावायचे. सकाळी ब्रेक सोडला, गिअर टाकला, की गाडी बोलायला लागायची.

आणि तिसरं इंजिन तर आमच्या कापसाच्या रानातलंच. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर इथे बनू लागला. त्या घराण्याचं डिझेल इंजिन इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या दशकात तयार झालेलं. त्यातलं मोठं माप १५४ घनइंचांचं, साडेतीन इंच बोअर आणि चार इंच स्ट्रोक. हे सीसीमध्ये करून पाहा: २५२३. महिंद्राच्या डीआय जीपच्या कागदावर हाच आकडा होता आणि बोलेरो पिकअपच्या कागदावरही हाच येतो. इंजेक्शनची पद्धत बदलली, टर्बो आला, कॉमन रेल आली; पण बोअर गेज आत सोडला की माप तेच लागतं, ८८.९ मिलिमीटर. नांगर ओढण्यासाठी आखलेलं ते पोकळीचं माप आज यवतमाळच्या मार्केट यार्डात कापूस घेऊन येतं.

त्या चार इंचांचा हिशेब मी शिकाऊ पोरांना नेहमी करायला लावतो. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर तासाला २४ किलोमीटर. त्या तासात गाडी समजा ५० किलोमीटर गेली. म्हणजे गाडी लाखभर किलोमीटर चालते तोवर पिस्टन भिंतीला घासत अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर गेलेला असतो, पृथ्वीच्या एका फेऱ्याहून जास्त. मधे फक्त ऑइलचा पापुद्रा. पोरं गप्प होतात आणि एअर फिल्टर साफ करायला स्वतःहून उठतात. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावर जी धूळ उडते, ती फिल्टरमधून आत गेली तर तीच त्या पापुद्र्यात बसून लायनर खरवडते.

मोटारींमध्ये मला फियाटचं इंजिन सगळ्यात प्रिय. इटलीत १९३७ साली फियाटने १०८९ सीसीचं इंजिन काढलं, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनवली, तिच्यात हेच माप होतं आणि पद्मिनी बंद झाली तोवर राहिलं. साठहून जास्त वर्षं! मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, ती टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. यवतमाळला पद्मिनी डॉक्टर, वकील आणि जिनवाल्यांकडे असायच्या. त्यांचा ब्लॉक इतका आटोपशीर की दोघं जण तो सहज उचलून बाकावर ठेवायचे. लायनर नसलेला, सरळ बिडातच बोअर मारलेला.

या कामात हात किती सांभाळावा लागतो ते एकदा मी चुकून शिकलो. मे महिना होता. एका जीपचा ब्लॉक सकाळपासून अंगणातल्या उन्हात पडलेला. गाडीवाल्याला घाई होती, लग्नसराई. मी ब्लॉक आत घेतला आणि लगेच मशीनवर चढवला. पिस्टन मात्र सावलीतल्या कपाटातले. तापलेलं बीड फुगलेलं असतं. तीस अंशांच्या फरकात नव्वद मिलिमीटरच्या बोअरमध्ये तीन शतांश मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. मी माप बरोबर घेतलं, पण चुकीच्या वेळी. ब्लॉक थंड झाला आणि बोअर आवळला. जोडमोह्याच्या पुढे दुपारी इंजिन सीज झालं. वऱ्हाड भर उन्हात रस्त्यावर, त्यात एक लेकुरवाळी. कुणाला इजा झाली नाही, पण ती बाई लिंबाखाली बाळाला पदरानं वारा घालत बसली होती, ते मी तिथे गेलो तेव्हा पाहिलं आणि अजून विसरलो नाही. काम पुन्हा करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून उन्हाळ्यात आलेला ब्लॉक रात्रभर फरशीवर ठेवतो आणि सकाळी सात वाजता बोअर मारतो. पिस्टनही त्याच फरशीवर, शेजारी.

ही जुनी डिझेल इंजिनं धूर करायची, हेही मला सांगितलंच पाहिजे. बसस्टँडवर सकाळी सात-आठ काळी-पिवळ्या एकदम सुरू व्हायच्या तेव्हा शाळेत जाणारी पोरं नाकाला रुमाल लावायची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं ते योग्यच झालं. माझ्या नातीला दमा आहे. नवी इंजिनं स्वच्छ जळतात, कमी डिझेल खातात. मला खंत एकाच गोष्टीची आहे. त्यातल्या काहींना कंपनी मोठ्या मापाचा पिस्टन देतच नाही. भिंत पातळ, बोअर मारायला जागा नाही. स्वच्छ धूर आणि जाड भिंत एकत्र नांदू शकत नाहीत, असं मला तरी धातूनं कधी सांगितलेलं नाही.

धातूचं ऐकायला मला वडिलांनी शिकवलं. लहानपणी ते मला शकुंतला गाडी पाहायला स्टेशनवर न्यायचे. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरचं तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत चाललं. वडील गाडी येण्याआधी नाही, गेल्यावर बोलायचे. "आयक, कोणता सांधा वाजते?"

घाटंजीच्या पोराचं इंजिन मी ठेवून घेतलं. क्रँक तिसावर होता, चाळीसला घासला. पुढच्या वेळी नवा लागेल, हे त्याला सांगितलं. जुने लायनर हायड्रॉलिक प्रेसवर काढले, ब्लॉकची आतली भिंत तपासली. कुठे तडा नाही. नवे लायनर दाबले, रात्रभर ठेवले, सकाळी बोअर मारला. होनिंग झाल्यावर पोराला परत बोलावलं आणि नख लावायला सांगितलं. वरपासून खालपर्यंत सरकत गेलं.

मग रजिस्टर काढलं. तारीख, ब्लॉक नंबर, क्रँक चाळीस. बोअरच्या रकान्यात १९९६ साली मी 'अर्धा मिमी ओव्हर' लिहिलं होतं. आज त्याच नंबरपुढे लिहिलं: स्टँडर्ड.