कढीपत्त्यावरची अळी मारू नका, आधी तिचा फोटो काढा

बेळगाव/निपाणी : पावसाचा जोर ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरोघरी एक तक्रार ऐकू येते. परड्यातला कढीपत्ता कालपर्यंत भरलेला होता, आज बोडका दिसतोय. पानं उलटून बघावं तर जाडजूड हिरवी अळी आरामात बसलेली. मग कुणी ती चपलेखाली चिरडतं, कुणी शेतातलं उरलेलं औषध आणून फवारतं. त्याच झाडाची पानं दोन दिवसांनी आमटीच्या फोडणीत पडतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ती अळी फुलपाखराची असते. खिशातला मोबाइल आणि रोजची दहा मिनिटं एवढ्या भांडवलावर तिचा अंड्यापासून पंखांपर्यंतचा सगळा प्रवास बघता येतो. साधारण महिनाभराचा खेळ असतो. त्यासाठी आंबोलीला जावं लागत नाही की महागडा कॅमेरा घ्यावा लागत नाही.

कोणती अळी कुणाची?

फुलपाखरू मध प्यायला कुठल्याही फुलावर बसेल, पण अंडी घालताना फार चोखंदळ असतं. पिल्लांना जे पान पचतं त्याच झाडावर ते अंडं ठेवतं. म्हणून आधी झाड ओळखावं, निम्मं काम तिथंच होतं.

लिंबू, कढीपत्ता : बहुरूपी (कॉमन मॉर्मन) आणि लिंबावरचं ठिपक्याठिपक्यांचं फुलपाखरू (लाइम बटरफ्लाय).
रुई : तांबूस पंखांचं प्लेन टायगर.
कण्हेर : काळपट तपकिरी कॉमन क्रो.
एरंड : कॉमन कॅस्टर.
सीताफळ, आसूपालव : हिरव्या ठिपक्यांचं टेल्ड जे.
आंब्यावरचं बांडगूळ : हळदीकुंकू (कॉमन जेझेबेल).

यातली रुई, एरंड, टाकळा ही झाडं आपण तण म्हणून उपटतो आणि बांडगूळ दिसलं की कोयता घेतो. आंब्यासाठी बांडगूळ काढावं लागतं हे खरं, पण हळदीकुंकू दिसेनासं झालं तर त्याचं कारणही तिथंच शोधावं लागेल.

लिंबावरची अळी बघण्यासारखी असते. लहानपणी ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी कशाला तोंड लावतील? मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती डंख मारत नाही, तिच्याकडे विषही नसतं.

बहुरूपीचं सोंग

बहुरूपी हे नाव त्या फुलपाखराला अगदी शोभतं. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखंच. दुसरं कॉमन रोझ या फुलपाखरासारखं, तिसरं क्रिमझन रोझसारखं. ही दोन्ही रोझ फुलपाखरं ईश्वरीच्या (सापसंद) वेलीवर वाढतात. त्या वेलीतलं विष त्यांच्या अंगात उतरतं, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपीची मादी विषारी नसते, पण विषारी फुलपाखराचं सोंग घेऊन जीव वाचवते.

या सोंगामागचं कारण शोधायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले (एनसीबीएस) कृष्णमेघ कुंटे आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक मादीचं रूप ठरवतं. जगभर गाजलेल्या या संशोधनातलं फुलपाखरू आपल्या कढीपत्त्यावर जन्मतं.

सोंग ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या रोझ फुलपाखराचं अंग लाल असतं, बहुरूपीच्या मादीचं काळं. म्हणून फोटोत नुसते पंख येऊन भागत नाही, धडही दिसलं पाहिजे.

मोबाइलवर फोटो कसा काढाल?

वेळ : सकाळी सात ते नऊ. अंगात ऊब यायच्या आधी कीटक सुस्त असतात, ऊनही कोवळं असतं.

लेन्स : आधी मऊ कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा हेच धूसर फोटोचं नेहमीचं कारण.

अंतर : झूम करू नका, हळूहळू स्वतः जवळ जा. फोकस होईना झाला की थोडं मागे या. आपली सावली किड्यावर पडू देऊ नका, पडली की तो उडालाच.

उंची : उभ्याने वरून काढू नका. गुडघ्यावर बसून किड्याच्या पातळीला मोबाइल न्या.

किती फोटो : एकाच जिवाचे निदान तीन. पंखांची वरची बाजू, खालची बाजू आणि ज्या झाडावर बसलाय त्या झाडाचं पान. एकसारखी दिसणारी कितीतरी फुलपाखरं पंखांच्या खालच्या बाजूवरूनच वेगळी ओळखता येतात.

अळी बघत असाल तर रोज एकाच वेळी, त्याच बाजूने एक फोटो घ्या. शेजारी एक रुपयाचं नाणं धरलं तर वाढ लगेच कळते. फोटोसाठी कीटक पकडणं, फ्रीजमध्ये ठेवून गार करणं, कोष तोडून घरात आणणं टाळा.

फुलांचंही वेळापत्रक

गुलबाक्षी चार-साडेचारनंतर उमलते, कारण तिचं गिऱ्हाईक संध्याकाळचं. फुलासमोर हवेतच थबकून लांब सोंडेने मध पिणारे हॉक मॉथ पतंग तेव्हा येतात. शेवग्याच्या फुलांवर सकाळी मोठे काळे भुंगे घुमतात. वांग्या-टोमॅटोच्या फुलाला लटकून निळ्या पट्ट्यांची माशी अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. मधमाशीला ही कला येत नाही. म्हणून वांग्याला फळ धरायला हवं असेल तर ही माशी परड्यात राहिली पाहिजे.

मृगाच्या पावसात मातीवर दिसणारा मखमली लाल मिरगाचा किडाही टिपा आणि फोटोत पाय मोजा. आठ भरतील. म्हणजे तो कीटकच नव्हे, कोळ्याच्या गोतावळ्यातला.

औषध कधी मारायचं?

प्रत्येक अळी पाळा, असं कुणी म्हणणार नाही. निपाणीच्या तंबाखू उत्पादकाला स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी, चांगली माहीत आहे. ती सोयाबीन, भुईमूग, एरंड काहीच सोडत नाही. ओळख अशी, की तिचा पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालतो आणि वर तपकिरी केसांचं पांघरूण घालतो. असं पान दिसलं की तोडून नष्ट करावं, परड्यात तेवढं पुरतं. उलट लिंबू-कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर सुटं, गोल, पिवळसर अंडं दिसलं तर ते फुलपाखराचं. रोप अगदी वीत-दोन वीत असेल तर अळ्या ते साफ करतील. अशा वेळी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. मोठं झाड गेलेली पानं पुन्हा फोडतं.

फोटोची नोंद होऊ द्या

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत विसरला जातो. तोच फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकला तर जाणकार नाव सांगतात आणि नोंद अभ्यासकांच्या कामी येते. दोन्ही सेवा मोफत आहेत. घराचा नेमका पत्ता दिसू नये असं वाटत असेल तर आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर ठेवायची सोय आहे. दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग सप्ताह असतो आणि २०२० पासून सप्टेंबर हा देशभर फुलपाखरू महिना म्हणून पाळला जातो. सुरुवातीला हे मुहूर्त चांगले.

आपल्या पट्ट्यातल्या नोंदीला वेगळं मोल आहे. पश्चिमेला खानापूरचं, भीमगडचं दाट जंगल आणि पूर्वेला गोकाक-अथणीकडचा कोरडा मुलूख, यांच्या मधोमध आपली परडी आहेत. जंगलातलं कोणतं फुलपाखरू गावापर्यंत येतं आणि कोणतं यायचं थांबलं, हे इथल्या घराघरांतूनच कळू शकतं. जंगलात फिरणाऱ्या अभ्यासकाला गावातलं परडं रोज बघता येत नाही.

या पाहुण्यांना सीमा माहीत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळी, म्हणजे नीलवंत, बेळगावच्या लिंबावरही अंडी घालते. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग सह्याद्रीतून सिंधुदुर्गातही उडतं. नावंही अशीच इकडून तिकडे जातात. उत्तर कर्नाटकात फुलपाखराला ‘पातरगित्ती’ म्हणतात. या शब्दाला कन्नड कवितेत अजरामर करणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. शेजारच्या अक्कांना किंवा आजीला विचारून प्रत्येक फोटोखाली मराठी, कन्नड दोन्ही नावं लिहून ठेवली तर मुलांच्या हाती आपल्या परड्याचं स्वतःचं पुस्तक येईल.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा. उद्या सकाळी पानं तोडायला जाल तेव्हा आधी ती उलटून बघा.