शाडलुई गेला, मग रागवायचं कुणावर?

मोहम्मदरेझा शाडलुई या इराणी बचावपटूवर पुणेकर कबड्डीप्रेमींचा जीव आहे आणि थोडा रागही. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुणेरी पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो पलटणमध्ये होता. २९ डिसेंबरला मुळशीला लागून असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडी संकुलात पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून हरियाणा जिंकलं, तेव्हा तो हरियाणाचा होता.

तो का गेला?

पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. संघाची एकूण खर्चमर्यादाच ५ कोटींची. पुढच्या हंगामासाठी पलटणने त्याला कायम ठेवलं नाही. लिलावात हरियाणाने २ कोटी ७ लाखांची बोली लावून त्याला घेतलं.

हे इथेच घडतं का?

नाही. अमेरिकेत कूपर फ्लॅग ड्यूक विद्यापीठाकडून एकच वर्ष बास्केटबॉल खेळून २०२५मध्ये एनबीएत गेला. पण तिथे जायचं की थांबायचं, हे खेळाडू ठरवतो. कबड्डीत संघ आणि लिलाव ठरवतात.

म्हणून ‘सोडून गेला’ म्हणण्याआधी ‘कुणी सोडलं’ हेही विचारायला हवं.