घाटातला क्लच

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर निघतात. पेटी, पीठ-मीठ, शेळी, लेकरं, सगळा संसार ट्रॉलीत. 2006 साली माझ्या थोरल्या भावाचा ट्रॅक्टर असाच निघाला होता. भाई मुकादम. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांत दहा कोयते, म्हणजे दहा जोडपी. तेलगावहून धारूरचा घाट चढताना एका वळणावर इंजिनाचा आवाज चढला आणि चाकं मात्र मंदावली. जळका, उग्र वास सुटला. ट्रॅक्टर थांबला आणि हळूच मागं सरकू लागला. भाईनं ब्रेक दाबून धरले. पण ब्रेक ट्रॅक्टरला, ट्रॉल्यांना नाहीत. पोरांनी उड्या टाकून चाकांमागं दगड लावले, म्हणून निभावलं. मी मागच्या ट्रॉलीत होतो. क्लच म्हणजे काय, हे त्यानंतरच मी नीट समजून घेतलं.

इंजिन फिरवतं ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पायानं पॅडल दाबलं की दाब सुटतो, इंजिन एकटंच फिरतं. पाय उचलला की प्लेट चिमट्यात सापडते आणि चाकांना ओढ मिळते. ना दात, ना साखळी. सारा कारभार घर्षणावर. चिमटा कमी पडला की प्लेट घसरते, घसरली की तापते आणि तापली की आणखी घसरते.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास हॉर्सपॉवर तर छोट्या मोटारीतही असते. खरं आहे. पण क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, पीळ कळतो. मोटारीचं इंजिन ही ताकद मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर देत असेल, तर पीळ होतो एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण सात किलो लटकवल्याएवढा. ट्रॅक्टर तीच ताकद एकवीसशे फेऱ्यांवर देतो. तिथं हे वजन सतरा किलोंच्या वर जातं. शिवाय मागं उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या असल्या की ओझं वीस टनांच्या घरात. जागेवरून हलवताना क्लच जितका वेळ अर्धवट घसरत राहील, तितकी उष्णता त्या एका प्लेटवर.

अमेरिकेत 1964 साली पाँटिॲक कंपनीनं जीटीओ नावाची मोटार काढली. मध्यम आकाराच्या गाडीत सहा लिटरच्या वरचं इंजिन. अशा जुन्या दांडग्या गाड्या जपणारे शौकीन आजही याच प्रश्नावर डोकं खाजवतात, की क्लच कुठला घालावा? त्यांची हौस, आमचं पोट, कोडं एकच.

पकड वाढवायची तर वाटा थोड्या. प्लेट मोठी घ्या. पण घरात मावली पाहिजे. स्प्रिंग कडक घ्या. पण मग पॅडल जड होतं आणि दिवसभर ऊस वाहणाऱ्याचा गुडघा संध्याकाळी बोलतो. किंवा अस्तर बदला. साध्या अस्तराची प्लेट मऊ धरते, हाफ क्लचवर गाडी अलगद निघते; पण फार तापली की तिच्यावर चकाकी येते आणि पकड जाते. दुसरी बटण प्लेट. तांब्याच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून भाजलेल्या टिकल्या तिच्यावर असतात. ती उष्णतेला दाद देत नाही. पण धरते एकदम. तो हिसका गिअरबॉक्सला, शाफ्टला आणि ट्रॉलीच्या पिनेलाही बसतो. फ्लायव्हीलही लवकर झिजतं.

दुसऱ्या ट्रॅक्टरनं आम्हाला परत तेलगावला आणून सोडलं. भाईचा हट्ट, बटण प्लेटच टाका. रागही होता, कारण हंगामाआधीच एका गॅरेजात नवी क्लच प्लेट टाकून घेतली होती. तेलगावच्या उस्तादांनी ट्रॅक्टर मधोमध उघडला. प्लेटवर काळपट ओल. त्यांनी बोट फिरवून वास घेतला. म्हणाले, "भाई, प्लेट बिचारी काय करेल? इंजिनाचं मागचं ऑइल सील गळतंय. तेलावर बटण टाका की सोनं टाका, घसरणारच." फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, तेही आधीच्या मिस्त्रीनं तसेच ठेवले होते. मग उस्तादांनी विचारलं, "ट्रॅक्टर चालवतो कोण?" भाईचा पुतण्या, म्हणजे माझा मुलगा, वय वीस, पाय सदा पॅडलवर. उस्ताद त्याला म्हणाले, "बेटा, पॅडलवर पाय ठेवलास की चिमटा अर्धा सुटतो."

सील बदललं, फ्लायव्हील लेथवर घासून आणलं, प्रेशर प्लेट नवी आणि क्लच प्लेट साध्या अस्तराचीच. पॅडलला इंचभर मोकळी चाल ठेवली. मला तो निर्णय पटला. अर्थात ज्याला रोज चिखलाच्या फडातून भरल्या ट्रॉल्या काढायच्या आहेत आणि ज्याचा पाय तयार आहे, त्यानं बटण प्लेट जरूर घ्यावी. पण आधी गळती पाहून.

यात दोन दिवस गेले. दहा कोयते बायका-लेकरांसह रस्त्याकडेला झोपले. उचल घेतलेली, काम सुरू झाल्याशिवाय ती फिटायला सुरुवात होत नाही, त्यामुळे कुणी बोललं नाही तरी भाईला झोप नव्हती. उस्तादांची शेवटची अट त्याला आवडली नाही, पण मानली. घाटाच्या पायथ्याला मागची ट्रॉली सोडली, दोन फेऱ्यांत दोन्ही वर नेल्या. माणसं चालत चढली. धारूरला पोचायला अंधार पडला.