भीती नेमकी कुणाचा रोग?

पाणवठ्यावर आपला माणूस अडखळला की त्याला भित्रा म्हणणारे मला नेहमी भेटतात. अमेरिकेत वॉटसन-रेनर यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंड ठणकावले. पुढे ते मूल सशालाही भिऊ लागले. भीती अशी शिकवली जाते. कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून बेदम मार खाल्ला. त्यानंतरच्या धास्तीला मनोविकार कसे म्हणावे? मार खरा होता. निराधार होती ती विटाळाची भीती. हौदातले पाणी तर तेच होते! १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी भेदरलेल्या मुलाला खाऊ देत देत ससा जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. त्याच्या काही वर्षे आधीच शाहू महाराज गंगारामांच्या हॉटेलातला चहा स्वतः पीत होते, बरोबरच्या सवर्णांनाही पाजत होते.