अमोनियम नायट्रेट आणि दाब

अमोनियम नायट्रेट हे पिकांना नत्र पुरविणारे खत. खाणकामातील स्फोटकांतही त्याचा उपयोग होतो. सुमारे १७० अंश सेल्सिअसला ते वितळते व आणखी तापविल्यास अमोनिया आणि नायट्रिक आम्ल यांच्या वाफेत त्याचे विघटन होऊ लागते. ही क्रिया उष्णता शोषते. म्हणून वायूंना वाट मोकळी असेल तर तापमानास काहीसा आळा बसतो. जागा बंदिस्त असली की वायू कोंडतात, दाब वाढतो, ही क्रिया मागे पडते आणि नायट्रस ऑक्साइड व पाण्याची वाफ देणारी, उष्णता बाहेर टाकणारी क्रिया जोर धरते. उष्णतेने वेग वाढतो आणि वाढत्या वेगाने पुन्हा उष्णता.

१६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ या जहाजावरील खताने पेट घेतला. पाण्याने माल खराब होईल म्हणून मालकोठ्याची झाकणे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. मालाची ही काळजी फार महाग पडली. लाकडाच्या आगीला बाहेरची हवा लागते. या खताच्या रेणूतच प्राणवायू असतो. तासाभरात स्फोट होऊन निदान ५८१ माणसे मृत्युमुखी पडली.

भारतात या पदार्थाच्या साठ्यासाठी २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. गोदामात आग लागल्यास वायुवीजन मोकळे ठेवून दुरून पाण्याचा भरपूर मारा करावा. ती साठ्यापर्यंत पोहोचली असल्यास मात्र आधी माणसे दूर हलवावीत.