मंद प्रकाश आणि कॅमेऱ्यातला पडदा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनसावर नाहीतर महागाईवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी तुमची थोडी निराशा करणार आहे. मी बोलणार आहे तो एका मोठ्या टपाल तिकिटाएवढ्या पडद्याविषयी. फिल्मच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात, आरशाच्या वर, तो आडवा बसवलेला असतो. फोकस बरोबर जुळला की नाही, हे आपण त्याच्यावर पाहून ठरवतो.

हा विषय का घेतला ते सांगतो. 1998 सालच्या पावसाळ्यात एका कारखान्याच्या फाटकावर आमची द्वारसभा होती. कारखाना बंद व्हायचा होता आणि सगळ्यांनी एकत्र जमण्याची ती शेवटचीच वेळ होती. संध्याकाळचे सात वाजलेले, फाटकावर एकच बल्ब. बत्तीस वर्षे तिथे काढलेले आमचे एक जुने सहकारी फाटकाला पाठ करून बोलायला उभे राहिले. माझ्या हातात जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा होता. आधीच्या मालकाने त्यात लख्ख उजेड दाखवणारा नवा पडदा बसवून घेतला होता आणि मला त्याचा मोठा अभिमान वाटे. भिंग 50 मिलिमीटरचे, छिद्र पूर्ण उघडे म्हणजे एफ 1.8. मी भराभर बारा फोटो घेतले. रोल धुऊन आला तेव्हा पाहतो तो काय, फाटकाचे गज कसे रेखीव, आणि त्यांच्या हातभर पुढे उभा असलेला माणूस मात्र धुक्यातला!

पडद्यावर तर मला गज आणि माणूस दोन्ही ठळक दिसले होते. मग पडदा खोटे बोलला काय? त्याचे उत्तर शोधायला मला बरीच वर्षे लागली. ते तुमच्यापुढे ठेवतो. आजचे डिजिटल कॅमेरे नि फोन आपला नेम आपणच धरतात. पण फिल्मचे जुने कॅमेरे हौसेने वापरणारी तरुण मंडळी अलीकडे पुन्हा दिसू लागली आहेत. निदान त्यांच्या तरी ते उपयोगी पडावे.

प्रथम या पडद्याचे काम समजून घेऊ. भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर वळतो आणि पडद्यावर चित्र उमटते. वरच्या पंचकोनी लोलकातून ते आपल्या डोळ्यापर्यंत पोचते. भिंगापासून फिल्मचे जे अंतर, नेमके तेच आरशामार्गे पडद्याचे. म्हणून पडद्यावर ठळक ते फिल्मवर ठळक, असा हा हिशेब आहे. जुना पडदा म्हणजे आपल्या न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी दुधी काच. दुधी काच प्रकाश दाही दिशांना फेकते. डोळ्याच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो, आणि कोपऱ्यांतला तर फारच थोडा. दुपारी हे जाणवत नाही. दिवेलागणीनंतर मात्र कोपरे काळवंडतात.

कोपऱ्यांचा काळोख घालवण्याची युक्ती आली ती दीपगृहातून. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने जाड भिंगाऐवजी एकात एक कड्या असलेले चपटे भिंग तयार केले आणि 1823 साली ते फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहात बसले. त्याच जातीची, पण केसाहून बारीक कड्यांची चकती पडद्याला जोडली म्हणजे कडेचा प्रकाश वळून डोळ्याकडे येतो आणि पडदा सर्वत्र सारखा उजळ दिसतो.

दुसरी सुधारणा खुद्द दुधी पृष्ठभागात झाली. वेडीवाकडी घासलेली काच टाकून देऊन तिच्या जागी नियमित आकाराच्या, अतिसूक्ष्म भिंगांसारख्या उंचवट्यांचा पृष्ठभाग आला. मिनोल्टा कंपनीने 1977 सालच्या एक्सडी मालिकेत असा पडदा दिला आणि पुढे हॅसलब्लाडच्या कॅमेऱ्यांसाठीही पडदे बनवले. निकॉनने 2001 सालच्या एफएम3ए बरोबर के3, बी3, ई3 हे अधिक उजळ पडदे आणले.

आता मुद्द्याची गोष्ट. पडदा उजेड निर्माण करीत नाही. जो आहे तो कमी विखरू देतो आणि डोळ्याच्या दिशेने जास्त पाठवतो, एवढेच. पण हे विखुरणेच फोकस पाहायला उपयोगी पडत असते! भिंगाच्या कडेने तिरपे येणारे किरण विखुरले, तरच ते डोळ्यापर्यंत पोचतात. आणि फोकस चुकला की जी पुसटता दिसते, ती मुख्यतः या तिरप्या किरणांमुळे. उजळ पडदा त्यांना डोळ्यापर्यंत येऊच देत नाही. म्हणून भिंग एफ 1.4 चे असले तरी असा पडदा साधारण एफ 2.8 ते 4 चे चित्र दाखवतो.

माझ्या फोटोचा हिशेब आता लागतो. गज साडेतीन मीटरवर होते. 50 मिलिमीटरच्या भिंगाने एफ 1.8 वर तिथे नेम धरला, तर गजांच्या पुढचे सुमारे 25 सेंटिमीटरच ठळक उमटतात. एफ 4 वर हाच पट्टा सुमारे 50 सेंटिमीटरचा होतो. आमचे सहकारी गजांच्या पुढे हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटरवर होते. पडद्याच्या पट्ट्यात ते बसले, फिल्मच्या पट्ट्यात बसले नाहीत. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ते हे असे.

याचा पडताळा तुम्हीही घेऊ शकता. ज्या कॅमेऱ्यात छिद्र आधीच मिटवून पाहण्याची कळ असते, त्यात एफ 1.4 चे भिंग लावा, छिद्र 2 वर ठेवा आणि कळ दाबा. फिल्मवर पडणारा प्रकाश निम्मा झाला, पण उजळ पडद्यावर फारसा फरक दिसणार नाही. म्हणजे 1.4 पडदा तुम्हाला मुळात दाखवतच नव्हता.

मग मंद प्रकाशात कोणता पडदा निवडावा? कामाप्रमाणे अवजार, हा आम्हा कामगारांचा जुना नियम इथेही लागू आहे.

मोठ्या छिद्राचे भिंग, माणसांची चित्रे आणि एखाददुसरा दिवा, असे काम असेल तर मध्यभागी दुभंग चित्र असलेला पडदा घ्यावा. त्यात उलटसुलट बसवलेल्या दोन पाचरी असतात. फोकस चुकला की उभी रेघ मधोमध तुटते, जुळला की सलग होते. अंधूक उजेडात डोळ्याला बारकावे दिसत नाहीत, पण दोन रेघा जुळल्या की नाही हे तो फार सूक्ष्मतेने ओळखतो. चष्म्याची कड, सदऱ्याच्या गुंड्यांची पट्टी, दाराची चौकट, यांवर नेम धरावा. पण लहान छिद्राच्या भिंगाला हा पडदा चालत नाही. सामान्यतः एफ 5.6 च्या आसपास पाचरीचे एक अर्ध काळे पडते.

रेघ सापडत नसेल, केस किंवा कापडाचा पोत असेल, तर सूक्ष्म लोलकांचे वर्तुळ बरे. फोकस चुकला की ते थरथरल्यासारखे दिसते. निकॉनच्या के जातीच्या पडद्यात दुभंग चित्राभोवती अशा लोलकांचे कडे असते आणि बहुतेकांना तेवढे पुरते. निकॉन एफ व एफ2 साठी जी या नावाचा पडदा मंद प्रकाशाकरिताच मिळत असे. त्यात मध्ये मोठे लोलकवर्तुळ आणि भोवती स्वच्छ काच. झगझगीत उजळ! पण त्या स्वच्छ भागात फोकस पाहताच येत नाही. आणि भिंगाच्या लांबीप्रमाणे त्याचे चार वेगवेगळे प्रकार ठेवावे लागत. उजेड घ्यायचा तर काय सोडावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

लांब पल्ल्याचे, लहान छिद्राचे भिंग असेल तर मात्र नुसता एकसारखा उजळ पडदा घ्यावा. तिथे पट्ट्याची फसवणूक होत नाही, आणि काळी पडायला पाचरही नसते.

पैसे खर्च करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, भिंग. एफ 3.5 ऐवजी 1.8 चे भिंग लावले तर फिल्मला जवळजवळ चौपट प्रकाश मिळतो. पडदा फिल्मला काहीच देत नाही. दुसरी, आपले डोळे. व्ह्यूफाइंडरमधले चित्र साधारण एक मीटरवर असल्यासारखे भासते, आणि चाळिशीनंतर तेही काहींना अंधूक दिसते. तेव्हा आधी डोळे तपासा. कित्येकदा डोळ्यापाशी योग्य नंबरची काच बसवल्याने काम भागते. तिसरी, पडदा बदलता येतो का? पेंटॅक्स के1000 सारख्या कॅमेऱ्यात तो कायमचा बसवलेला असतो.

पडदा बदललाच, तर दोन चाचण्या चुकवू नका. निकॉन एफएम2 सारख्या कॅमेऱ्यात प्रकाशमापक पडद्यावरचाच उजेड मोजतो. पडदा उजळ झाला की त्याला वाटते प्रकाश वाढला, आणि निगेटिव्ह फिकी निघते. म्हणून एकाच भिंतीचे, एकाच दिव्यात, जुन्या व नव्या पडद्याने माप घ्या. जो फरक येईल तेवढी भरपाई द्या. निकॉन एफ3 मध्ये मापक आरशाखाली असल्याने ही अडचण येत नाही. दुसरी चाचणी जागेची. पडदा किंचित वरखाली बसला तरी प्रत्येक फोटो चुकतो. वर्तमानपत्र तिरपे ठेवा, कॅमेरा तिकाटण्यावर लावा, छिद्र पूर्ण उघडा, एका ओळीवर नेम धरून फोटो घ्या आणि फिल्मवर तीच ओळ ठळक आली का ते पाहा. पडद्याला बोट लावू नका, स्पिरिट तर मुळीच नको. धूळ रबरी फुग्याने उडवावी.

ते सहकारी आता हयात नाहीत. मागे त्यांच्या मुलाने त्या सभेचा फोटो मागितला. मी दिला, त्याने घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, फाटक छान आलंय."

तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्यात दुभंग चित्राचा, थोडा काळसर, जुना पडदा आहे. त्यात कमी दिसते. पण रेघ जुळली की माणूस फिल्मवर येतो. पडदा विकत घेताना तो किती उजळ आहे हे जरूर विचारा. पण तो चूक दाखवतो का, हे त्याआधी विचारा.