एकच हीरो भारी पडतोय? खेळाचा तोल असा सांभाळा

सुट्टीत भावंडं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसतात. राक्षस येतो, दादाचा योद्धा एकाच घावात त्याला लोळवतो आणि धाकटी गुपचूप मोबाइल हातात घेते. तुमच्याकडे असं होत असेल तर वेळीच लक्ष द्या, नाहीतर पुढच्या रविवारी ती खेळायलाच बसणार नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. यात कोणी कोणाला हरवायचं नसतं, सगळ्यांनी मिळून गोष्ट रंगवायची असते. म्हणूनच एकाचं पात्र फार ताकदवान झालं की बाकीचे नुसते प्रेक्षक उरतात.

जबलपूरचा धडा

स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, असं मानलं जातं. या खेळात आजही अनेक क्लबांमध्ये कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच काही गुण देतात. पक्क्या खेळाडूचे हात कोणी बांधत नाही. हीच युक्ती इथेही चालते.

काय कराल?

• आधी नियम तपासा. पात्राचा कागद एकदा शांतपणे वाचा. बऱ्याचदा एखादा नियम चुकीचा समजलेला असतो किंवा खेळ चालवणाऱ्या मास्टरनेच फार भारी तलवार बक्षीस दिलेली असते.

• एकट्याशी बोला. चारचौघांत टोकलं तर मूल हिरमुसतं. ‘बाकीच्यांनाही संधी मिळावी म्हणून तू काय करशील?’ असं विचारा.

• नुसता राक्षस मोठा करू नका. दादाला जेमतेम लागणारा फटका धाकटीच्या पात्राचा जीवच घेईल.

• कामं वाटा. एकीकडे लढाई, त्याच वेळी दुसरीकडे कुलूप उघडायचं, रागावलेल्या राजाची समजूत घालायची. एक योद्धा दोन ठिकाणी पुरा पडत नाही.

• विश्रांती लांबवा. या खेळात बरेच मंत्र ठरावीक वेळाच वापरता येतात. एका दिवसात तीन-चार संकटं आली की ताकद जपून वापरावी लागते.

• इतरांना बळ द्या. पुढची जादुई वस्तू धाकटीला मिळू द्या.

पात्राची ताकद अचानक काढून घेऊ नका. मुलाने ती मेहनतीने कमावलेली असते. ती सगळ्यांच्या कामी कशी येईल, एवढंच बघा.